नंदुरबार ते डब्लिन, मार्गे धडगाव

नंदुरबारहून डब्लिनला विमानाने साधारण साडेनऊ तास लागतात. अडचण एवढीच, की नंदुरबारला विमानतळ नाही.

हे मला माहीत होतं. मी त्याच जिल्ह्यात, शहादा तालुक्यात वाढले; आमच्याकडे आकाशातून ऊन सोडून फारसं काही उतरत नाही, हे मला वेगळं सांगायला नको. पण ज्या वेबसाइटवर मी हा आकडा बघितला, तिला ते माहीत नव्हतं. त्या साइटवर दोन गावांची नावं टाकायची. मग ती नकाशावर पट्टी ठेवून सरळ रेघ मारते आणि रेघेच्या लांबीला विमानाच्या वेगाने भागून तास सांगते. मधे विमान आहे का, धावपट्टी आहे का, हे बघणं तिचं काम नाही. (मी संख्याशास्त्रात पदवी घेतली आहे. आकडा हाती आला की तो आला कुठून हे आधी विचारायचं, असं आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवतात. पण पहिलं वर्ष होऊन बराच काळ लोटला होता.)

मला डब्लिनच्या एका विद्यापीठात प्रवेश मिळाला होता. शिष्यवृत्तीही मिळाली होती. आता हवी होती फक्त घरची परवानगी, आणि आमच्या घरची परवानगी म्हणजे नानांची परवानगी.

नाना हे पप्पांचे मोठे भाऊ. आम्ही ब्राह्मणपुरीचे; आमची पपईची शेती आहे आणि नाना आमच्यासकट आसपासच्या शेतकऱ्यांची पपई ट्रकमध्ये भरून बाहेरगावी पाठवतात. नाना किलोमीटर मानत नाहीत. "किलोमीटर गाडीले लागतस, फळले तास लागतस," हे त्यांचं भूगोलाचं एकमेव सूत्र. त्यांच्यासाठी भारत हा देश नसून पपई टिकण्याचं एक वेळापत्रक आहे.

याच वेळापत्रकातून आमच्या घराचा एक नियम निघाला आहे. तो नानांच्या वडिलांनी घातला. लेक तितक्याच लांब द्यायची, जितक्या लांब झाडावर पिकलेली, पिवळीधमक पपई न बिघडता पोहोचते. म्हणजे हंगामाचं पहिलं फळ लेकीच्या दारात चांगलं उतरलं पाहिजे. या हिशेबाने एक फुई, म्हणजे आत्या, तळोद्याला आहे, एक सुरतला आणि सगळ्यात धाकटी कल्याणला. कल्याणच्या फुईकडे पपई पोहोचते तेव्हा ती अखेरचे श्वास घेत असते. म्हणून कल्याण ही आमच्या खानदानाची सरहद्द!

"पण नाना, तो नियम लग्नाचा आहे. मी शिकायला चालले आहे," असं मी म्हणायला हवं होतं. म्हटलंही. मनात. (माझी सगळी उत्तम वाक्यं मनातच होतात. बाहेर येईपर्यंत विषय बदललेला असतो.)

एप्रिलमधली दुपार होती. फळं भरायच्या शेडमध्ये जेवणं उरकून सगळे बसले होते. मी चार दिवस आरशासमोर भाषण पाठ केलं होतं. त्यात शिष्यवृत्ती होती, नोकरीच्या संधी होत्या, "मला तुमचं नाव मोठं करायचं आहे" असं एक वाक्यही होतं. पहिल्याच वाक्याला नानांनी हात वर केला.

"कितला तास?"

"अं?"

"तठे जावाले कितला तास लागतस?"

मी घाईघाईने फोन काढला आणि दोन नावं टाकली. शहादा त्या साइटला सापडेना, म्हणून नंदुरबार टाकलं.

"साडेनऊ," मी म्हणाले.

नानांनी ताकाचा ग्लास खाली ठेवला. "साडेनऊ दिन?"

"तास."

"तास!" नाना उठून उभे राहिले. "आप्पा, ऐकं का? कल्याणले दहा लागतस! म्हणजे डब्लिन कल्याणनं अलीकडे शे!"

तासाभरात सगळ्या ब्राह्मणपुरीत बातमी पसरली, की हेतलला, म्हणजे मला, कल्याणच्या अलीकडे कुठेतरी प्रवेश मिळाला आहे.

इथेच सगळं संपलं असतं. पण आमच्या शेजारच्या शेताचे रोहिदास आप्पा तिथे बसले होते. आप्पासुद्धा पपई लावतात आणि उरलेल्या वेळात नानांच्या चुका काढतात. उरलेला वेळ त्यांच्याकडे भरपूर असतो.

"रोडनी गोष्ट येगळी, नाना," आप्पा दात कोरत म्हणाले. "विमान वर जास. वर हवा दाबस. फळ फुटी जाई."

"काबरं फुटी?"

"तुम्ही कधी विमानमा माल धाडा का? नही ना? मंग?"

हा घाव वर्मी बसला. नानांनी ट्रकने माल धाडला आहे, टेम्पोने धाडला आहे, एकदा वऱ्हाडाच्या बसच्या टपावरूनही धाडला आहे. पण विमानाने नाही. त्यांनी मान वर करून शेडच्या पत्र्याकडे बघितलं. मग म्हणाले, "देखी लेऊत. फळ पेटीमा ठेवा, पोरले संगे बसाडा, साडेनऊ तास फिरवा. दोन्ही धड उतरनात तर पोर डब्लिनले जाई. नही तर नही."

"नाना, तिकडे फळ नेऊ देत नाहीत," मी कसंबसं म्हणाले.

"फळ न्यावानं कोन म्हनस? फळ आपलं मोजमाप शे!"

"आनि साधा रोडवर फिरसात तर मी मानाव नही," आप्पा म्हणाले. "वर जावाले पाह्यजे."

आमच्याकडे वर जाणारा रस्ता एकच आहे. सातपुड्यातला धडगावचा घाट.

अशा रीतीने माझ्या उच्च शिक्षणाचा निर्णय एका पपईवर आणि धडगावच्या घाटावर सोपवण्यात आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी नानांनी स्वतः शेतात जाऊन फळ निवडलं. देठापासून टोकापर्यंत पिवळं, एक डाग नाही. रद्दी पेपरात गुंडाळून त्यांनी ते असं आणलं, की शेडमधल्या बाया बारसं आहे की काय म्हणून बघायला आल्या. तोपर्यंत मम्मीने माझी बॅग भरली होती. 'सगळं खऱ्यासारखं करायचं' हे नानांचं वाक्य तिने शब्दशः घेतलं होतं. ठेपले, खाकरे, लिंबाचं लोणचं, छोटा कुकर, माझी सर्टिफिकेटं आणि सुरतहून आणलेला जाडजूड कोट. नानांनी पपई पेटीऐवजी त्या बॅगमध्येच, कपड्यांच्या मधे ठेवली. बॅगचं वजन पपईच्या काट्यावर झालं. कोट बाहेर काढला तरच ते विमानाच्या नियमात बसत होतं.

"मग कोट अंगात घाल," मम्मी म्हणाली.

"मम्मी, एप्रिल आहे."

"डब्लिनला थंडी असते ना?"

"आपण धडगावला चाललोय!"

"एकदा घालून तर बघ. चार लोक बघतील तर म्हणतील पोर फॉरेनला चालली."

चार लोकांनी बघणं हेच तर मला नको होतं. पण मी कोट घातला. पप्पा फाटकापाशी उभे होते. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि त्यांचे डोळे भरून आले.

"सांभाळून जा, बेटा. पोचली की फोन कर."

"पप्पा, आम्ही संध्याकाळी परत येतोय."

"तरी कर."

गाडी चालवायला नानांचा मुलगा हर्षलभाऊ. त्याच्या शेजारी नाना, मनगटावरच्या घड्याळावर नजर लावून. मागे मम्मी, मधे मी कोटात, पलीकडे आप्पा पंच म्हणून. हर्षलभाऊने चावी फिरवली आणि नाकातून आवाज काढला, "प्रवाशांनी कृपया पट्टे बांधावेत. आपण लवकरच डब्लिनकडे उड्डाण करत आहोत. वाटेत म्हशी आडव्या आल्यास विमान थांबेल."

आता एक गोष्ट सांगायलाच हवी. मम्मी नानांशी बोलत नाही. भांडण वगैरे काही नाही; नाना तिचे जेठ, म्हणजे थोरले दीर, आणि आमच्यात जेठांशी सून थेट बोलत नाही. पदर पुढे ओढते आणि तिसऱ्या माणसामार्फत बोलते. तिसरा माणूस बहुतेक वेळा मी असते. घरात हे चालून जातं. गाडीत त्या दोघांमध्ये एका सीटच्या पाठीएवढं अंतर होतं.

"नानांना सांग, हर्षलला म्हणा, वळणावर हळू घे."

"नाना, मम्मी म्हणते, वळणावर हळू."

"तुन्ही मायले सांग, विमान वळणवर हळू व्हत नही."

"मम्मी, नाना म्हणतात..."

"ऐकलं मी. नानांना सांग, विमानाला वळणं नसतात."

"नाना, मम्मी..."

"समजनं!"

दोघांनाही सगळं ऐकू येत होतं! तरी दर वाक्यानंतर दोघं माझ्या तोंडाकडे बघत. घाटातली वळणं, अंगातला कोट आणि ही टपालसेवा, यामुळे अर्ध्या घाटातच मला आकाशातल्यासारखं गरगरायला लागलं. आप्पा खूश होते. "देखा, हवा दाबी ऱ्हायनी!"

हवेने मला दाबलं, पण बंद पडली ती गाडी. एका चढावर बॉनेटमधून पांढरी वाफ निघाली. हर्षलभाऊने गाडी कडेला घेतली.

"इमर्जन्सी लँडिंग," तो म्हणाला, पण आता नाकातून नव्हे.

"विमान तर पडनं!" आप्पांना हर्ष मावेना.

"पडनं नही. थांबनं," नाना म्हणाले. "फळ थांबाले नको. दुसरी गाडी देखा."

धडगावला जाणारी जीप आली ती आधीच भरलेली होती. म्हणजे आतली माणसं आत, बाहेरची बाहेर आणि दोन बोकड टपावर. हर्षलभाऊ गाडीपाशी थांबला. आम्ही चौघं कसेबसे कोंबले गेलो. जीपवाला बॅग टपावर टाकायला निघाला, तेव्हा नाना ओरडले, "वर नको! आत फळ शे! ऊन लागी!"

"मग मांडीवर घ्या, शेठ."

मांडी अर्थातच माझी. कोटात मी, मांडीवर तेवीस किलोंची बॅग, बॅगवर हनुवटी. समोर बसलेल्या एका आजीबाईंनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. मग न राहवून विचारलं, "बाई, ताप आला काय?"

"नाही," मम्मी अभिमानाने म्हणाली, "ती डब्लिनला चालली आहे."

जीपवाल्याने आरशातून माझ्याकडे पाहिलं. तो या रस्त्यावरचा मुरलेला माणूस होता. "डब्लिन? आधी सांगायचं ना, मॅडम! डब्लिनची गाडी फुल झाल्याशिवाय सुटत नाही. अजून दोन सीट लागतील!"

सगळी जीप हसली. बोकडसुद्धा ओरडले. मी हनुवटी बॅगमध्ये आणखी खोल रुतवली. (खाली पपई आहे हे आठवल्यावर पुन्हा वर घेतली.)

धडगावला उतरलो तेव्हा नानांच्या घड्याळाप्रमाणे जेमतेम तीन तास झाले होते. स्टँडजवळच्या चहाच्या टपरीपाशी एक बाक होता, त्यावर आम्ही बसलो. नानांनी बॅगच्या चेनजवळ नाक नेऊन वास घेतला. "बराबर शे," ते म्हणाले. "आजून कडक शे."

त्यांचा चेहरा बघून मला पहिल्यांदाच वाटलं, की हे जमेल. मी खरंच जाईन. आणि नेमकं तेव्हाच आप्पांनी विचारलं, "बेटा, तिकिट तर दखाड. कोनतं विमान शे?"

आता हे सांगायला मला लाज वाटते. प्रवेश, शिष्यवृत्ती, राहायची सोय, तिथला पाऊस, सगळं मी शोधलं होतं. पण तिकिटाच्या साइटवर एकदाही गेले नव्हते. परवानगीशिवाय तिकीट बघणं मला अपशकुनासारखं वाटत होतं. आणि साडेनऊचा आकडा तर हातात होता! मी तिकिटांची साइट उघडली. धडगावचं नेटवर्क विचार करत करत एकेक ओळ दाखवू लागलं.

नंदुरबारहून विमान नव्हतं. (हे अपेक्षित होतं.) मुंबईहून डब्लिनला थेट विमान नव्हतं. (हे नव्हतं.) एक विमान आखातातल्या एका शहरापर्यंत, तिथे सात तास मुक्काम, मग दुसरं विमान. त्याआधी मुंबईपर्यंत रात्रभर रेल्वे. विमानतळावर तीन तास आधी हजर. मी बेरीज केली. पुन्हा केली. संख्याशास्त्राची पदवी असली की चुकीची बेरीजही दोनदा सारखीच येते, पण ही खरीच बरोबर होती.

"हिनं तोंड देखा, नाना," आप्पा माझ्या खांद्यावरून वाकून म्हणाले. "आनि आठे दोन विमान काबरं दिखी ऱ्हायनात?"

"कितला, बेटा?" नानांनी विचारलं.

"तीस," मी पुटपुटले.

"तीस मिनिट जास्ती? चाली जाई."

"तीस तास. एकूण. वरच थोडे."

टपरीवाल्याने स्टोव्ह बारीक केला. नानांनी मनगटावरचं घड्याळ बघितलं. मला वाटलं, आता उठतील आणि म्हणतील, चला घरी. पण नानांनी आयुष्यभर ट्रक पाठवले आहेत. प्रवास लांबला म्हणून त्यांनी कधी माल अर्ध्यातून परत आणलेला नाही.

"हॉल्ट कितला?"

"सात तास."

"मंग बठा."

"कुठे?"

"आठेच. हॉल्ट करना पडी."

"नानांना सांग," मम्मी पदराआडून म्हणाली, "तीस तासांत झाडावर पिकलेल्या फळाचं काय होतं ते त्यांना माहीत आहे."

मी सांगितलं. नाना म्हणाले, "नियम म्हणजे नियम." मी ते मम्मीला सांगितलं. तिने ते आधीच ऐकलं होतं.

सात तास मी धडगावच्या त्या बाकावर कोटात बसून होते. कोट काढला असता, पण बॅग उघडली तर परीक्षा रद्द होईल असं पंचांनी जाहीर केलं होतं, आणि हातात कोट घेऊन बसलं तर जास्तच लोक विचारत होते. चहाला येणारा प्रत्येक जण थांबत होता. कचेरीतले एक साहेब विचारून गेले, उपोषण आहे का. मग आप्पांना बोलायला माणूस मिळाला की ते पहिल्यापासून सगळं सांगत, पपईसकट.

दुपारी शाळा सुटली. एक बाई दहा-बारा मुलींना घेऊन चालल्या होत्या. आप्पांनी त्यांना गाठलं. त्या धावत माझ्याकडे आल्या.

"तुम्ही परदेशी चाललात? वा! आमच्या मुलींना दोन शब्द सांगा ना! प्रेरणा मिळेल."

मुली माझ्यासमोर अर्धवर्तुळ करून उभ्या राहिल्या. मला चार माणसांत पाणी मागता येत नाही, भाषण कुठलं! घामाचा एक थेंब कोटाच्या आत पाठीवरून सावकाश खाली चालला होता. माझं सगळं लक्ष त्याच्याकडे.

"नमस्कार," मी म्हणाले. "मी डब्लिनला चालले आहे."

मुलींनी टाळ्या वाजवल्या. मग एकीने हात वर केला.

"ताई, मग इथे का बसलात?"

"हॉल्ट आहे," मी म्हणाले.

बाईंनी "धन्यवाद" म्हणून मुलींना जरा घाईनेच पुढे नेलं.

संध्याकाळी हर्षलभाऊ गाडी दुरुस्त करून वर आला आणि आम्ही परत निघालो. अंगणात गाडी थांबल्यावर मी उतरायला लागले तर नाना म्हणाले, "कोठे? आजून दुसरं विमान बाकी शे." उरलेले तास बॅग गाडीतच राहिली, आणि फळासोबत पोर पाहिजे म्हणून मीही. त्या रात्रीविषयी मला काही बोलायचं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी नानांनी घड्याळ बघून हात खाली केला. "उतरा. डब्लिन उनं."

शेडमधलं मोठं टेबल रिकामं केलं. त्यावर बॅग ठेवली. माल भरणाऱ्या बाया, त्यांची पोरं, शेजारीपाजारी, पप्पा, सगळे जमले. उघडायच्या आधीच सगळ्यांना कळलं होतं. वास शेडच्या पलीकडे पोहोचला होता. नानांनी चेन ओढली.

पपई नव्हती. म्हणजे सगळीकडे होती. ठेपल्यांच्या पदरापदरात होती, कुकरच्या शिट्टीत होती, माझ्या दहावीच्या सर्टिफिकेटावर होती. जे कपडे मी घरातही टॉवेलखाली वाळत घालते, ते नानांनी एकेक करून उजेडात धरले, पपई शोधायला! मी पत्र्याच्या खांबाआड गेले. खांब माझ्यापेक्षा बारीक होता.

"पोचनी नही," आप्पा म्हणाले. पण त्यांच्याही आवाजात दम नव्हता.

नानांनी हात फडक्याला पुसले. बराच वेळ पुसले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "नही."

एवढंच. माझ्याकडे किती मुद्दे होते! पपईला व्हिसा लागत नाही, पपईला शिष्यवृत्ती मिळत नाही, मी तीस तास पपईसोबत बसून धड उतरलेच होते की नाही? मी तोंड उघडलं. मी ते मिटलं.

"लांबच्या गाडीत पिकलेलं फळ तुम्ही कधी भरलं आहे का, नाना?"

मी वळून बघितलं. सगळ्यांनीच बघितलं. मम्मी बोलत होती. थेट. नानांकडे तोंड करून! लग्न होऊन या घरात आल्यापासून पहिल्यांदा.

"दिल्लीच्या ट्रकमध्ये एक जरी पिवळं फळ दिसलं तर तुम्ही आख्खा ट्रक खाली करायला लावता. तिथे हिरवंच पाठवता. सांगता, वाटेत पिकेल. मग पोरीच्याच वेळी झाडावर पिकलेलं फळ कशाला? जवळ द्यायची म्हणून तो नियम होता. ही लांब चालली आहे. लांबच्या गाडीची परीक्षा जवळच्या फळाने कशी घेता?"

शेडमध्ये माशी ऐकू आली असती. (माश्या होत्याच, पपईवर.) आप्पांच्या तोंडातली काडी खाली पडली. मग मम्मीच्या लक्षात आलं आपण काय केलं ते. तिने पदर हनुवटीपर्यंत ओढला आणि घाईघाईने मला म्हणाली, "नानांना सांग, मी तुझ्याशी बोलत होते."

"नाना," मी सवयीने म्हणाले, "मम्मी म्हणते, ती माझ्याशी बोलत होती."

नाना खांबापाशी आले आणि माझ्याकडे बघू लागले. काट्यावर फळ आलं की ते बघतात तसं. देठापासून टोकापर्यंत.

"बेटा, तू आजपर्यंत एकटी कोठे गई का?"

"नाही."

"बँकमा?"

"पप्पा येतात."

"दुकानवर भाव करता येस?"

"नाही."

"कोनी काही बोलनं तर जवाब देता येस?"

मी मम्मीकडे बघितलं.

"काहीच तयार नही हाई पोर!" आप्पा कळवळून म्हणाले.

"तेच तर!" नानांनी टेबलावर अशी थाप मारली की पपई उडाली. "इतली हिरवी पोर मी पुरा तालुकामा देखी नही! हिले कल्याणले धाडी तर तशीच ऱ्हाई. हिले पिकाले टाइम लागी, लांबनीच गाडी पाह्यजे. डब्लिन बराबर शे! डब्लिन आजून थोडं दूर ऱ्हातं तरी चालतं!"

पप्पा पुन्हा रडले. बायांनी टाळ्या वाजवल्या. हर्षलभाऊने नाकातून माझं अभिनंदन केलं. मी खांबाआडून बाहेर आले आणि नानांच्या पाया पडले. त्यांनी आशीर्वाद दिला तो पपईच्या हातानेच.

विद्यापीठाला अर्ज करताना मी दोन पानी निवेदन लिहिलं होतं. त्यात मी आत्मविश्वासू होते, नेतृत्वगुण असलेली होते, अनोळखी लोकांशी सहज संवाद साधणारी होते. घरच्यांनी मला पाठवलं ते मी यातलं काहीच नाही म्हणून. दोघांत बरोबर कोण, याचा निकाल डब्लिनमध्ये पहिल्याच सकाळी लागला. इथे थांब्यावर नुसतं उभं राहून बस थांबत नाही. हात पुढे करावा लागतो. रस्त्यावर चार अनोळखी माणसं होती. त्यांच्यादेखत एकटीने हात करायचा कसा, याचा मी विचार करत राहिले आणि एक बस गेली. दुसरी गेली. तिसरीही गेली. चौथीच्या ड्रायव्हरला बहुधा माझी दया आली. त्याने बस आपणहून थांबवली, दार उघडलं आणि अगदी प्रेमाने विचारलं, "कुठे जायचंय?"

आणि घरच्यांच्या परवानगीने, पूर्ण शिष्यवृत्तीवर, साडेसात हजार किलोमीटर लांब आलेली मी म्हणाले, "कुठे नाही, सहज उभी आहे."